लखलखीत कीस

गंज म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला आता लखलखाटाची किळस येते.

परंदवडीतल्या आमच्या वस्तीच्या बोअरमध्ये क्रोमियम उतरलंय. वरच्या अंगाला लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवणारी प्लेटिंगची एक शेड होती. शेड बंद पडली, मालक गेला, विष तेवढं आमच्यासाठी ठेवून गेला. माझ्या आईच्या, विठाबाईच्या, हातांना त्याच पाण्यानं फोड आले. मग एका कॉलेजची माणसं आली आणि त्यांनी बोअरशेजारी टाकी बांधून दिली. वर लोखंडाचा कीस, सोमाटण्याच्या नसीरभाईंच्या लेथवरून आणलेला, आणि त्याखाली वाळू. लोखंड गंजतं आणि गंजता गंजता पाण्यातलं विष धरून ठेवतं. सुटलेला गंज वाळू अडवते. एवढंच.

देखभाल बचत गटानं माझ्या गळ्यात घातली. कॉलेजवाल्यांनी मला एक बाटली दिली होती. तिच्यातले थेंब टाकल्यावर पाणी गुलाबी झालं, तर विष आहे. टाकी चालू झाल्यापासून ते कधी गुलाबी झालं नव्हतं. आईच्या हातांवरचे फोड बरे झाले. म्हणून तर धाकट्या बहिणीला, चैतालीला, मी बाळंतपणासाठी बिनधास्त माहेरी आणलं. तिला आठवा लागलाय.

टाकीचं झाकण उघडलं की आत लाल चिखल दिसायचा, आणि नळालाही कधीमधी तांबूस झाक यायची. ग्रामपंचायतीचे सदस्य प्रदीपभाऊ येता-जाता तोंड वाकडं करायचे. "यशोधराताई, ह्ये असलं पाजता व्हय माणसांना?" स्वतः त्यांनी घोटभर कधी चाखलं नव्हतं.

दसऱ्याला त्यांनी टाकीचं लोकार्पण ठरवलं. टाकी कधीचीच चालू होती, पण तिच्यासोबत भाऊंचा फोटो नव्हता ना!

सकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला गेलो. चैतालीला चालवत नाही, म्हणून ती घरीच थांबली. परत येऊन बघते तर टाकीपुढे मांडव, टाकीला झेंडूची माळ, हळदकुंकू. झाकण उघडं. आत चांदीसारखा चमकणारा कीस.

"भाऊ, आतलं लोखंड कुठंय?"

"टाकलं वढ्यात. सणाला हत्यारं घासूनपुसून पूजत्यात, आन् तुमचं गंजकं लोखंड देवापुढं ठिवायचं? कंपनीतनं स्टीलचा कीस आणलाय. जल्मात गंजायचा न्हाई."

"जे गंजत नाही ते इथं काहीच कामाचं नाही! कॉलेजवाल्यांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"आता तुमी मला लोखंड शिकवू नका. पाणी तर बगा. काच हाय, काच!"

नळाखाली धरलेला ग्लास त्यांनी माझ्यापुढे केला. खरंच नितळ होतं. मी घरात जाऊन बाटली आणली आणि ग्लासात थेंब टाकले. बघता बघता पाणी गुलाबी झालं, मग जांभळट.

भाऊंनी आधी मागे फोटोवाल्याकडे बघितलं. "दुपारी बगू की. पावणे आलेत. आता तमाशा नको."

"मग तुम्ही प्या. थेंब नाही घालत. नळाचंच, एक घोट."

"मला बाहेरचं पाणी सोसत न्हाई, ताई. पित्त व्हतं."

बाहेरचं पाणी! त्यांचं घर रस्त्यापलीकडे आहे. पाहुण्यांच्या टेबलावर सीलबंद बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि एक भाऊंच्या काखेत होती. मला इतकी शिसारी आली की त्या हसऱ्या तोंडावर ग्लास रिकामा करावासा वाटला. कसाबसा हात आवरला.

तेवढ्यात चैताली पोटाला हात लावून हळूहळू आली.

"ताई, आज पाणी काय स्वच्छ आलंय गं! सकाळपासून नुसती पितेय. एरवी त्या गंजाच्या वासानं घशाखाली उतरत नव्हतं." तिचं लक्ष माझ्या ग्लासाकडे गेलं. "हे सरबत कुणाला?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? ती मांडवाच्या खांबाला धरून वाकली, घशात बोटं घातली आणि ओकायला लागली. मी तिची पाठ धरली.

"अरे, त्यास्नी जरा बाजूला घ्या," प्रदीपभाऊ म्हणाले. "फोटोत येतंय."

आई तिथं नव्हती. ती ओढ्यात उतरली होती आणि लाल चिखल दोन्ही हातांनी घमेल्यात भरत होती. नवं पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत तांबडं झालं होतं. गटातल्या बाया पदर खोचून तिच्या मागे निघाल्या. लोखंड संध्याकाळपर्यंत टाकीत परत जाणार होतं.

चैतालीनं तोंड पुसलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"ताई, बाळाला काही होणार नाही ना?"

बाटली माझ्या हातातच होती. पण ते सांगणारे थेंब तिच्यात नव्हते.