नेरीनाचा आवाज

तीस वर्षं ऑत्ताव्हिओनं नाटकं बसवली. पडदा पडला की सगळं हवेत विरून जायचं, आणि त्यात बायकोचा आवाजही. नेरीनाचा तो किंचित घोगरा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कानाशी बोलल्यासारखा वाटायचा. तो मागे राहावा, एवढ्या एका हट्टापायी साठीला टेकल्यावर हा गृहस्थ सिनेमा करायला निघाला.

पण रोमच्या सिनेमावाल्यांची तऱ्हाच न्यारी. चित्रीकरणात आवाज घ्यायचाच नाही. कॅमेरा घरघरतोय, सुतार ठोकतोय, नटी आपली ओठ हलवतेय. आवाज मागाहून भरायचा, बंद खोलीत.

"हिचा आवाज इथल्या इथे घ्या," नेरीनाकडे बोट दाखवत ऑत्ताव्हिओ म्हणाला.

"मास्तर, तुम्ही अजून नाटकातच आहात," निर्माता तोत्सी हसला. "बाई काय पळून चालल्यात? हिवाळ्यात निवांत करू की."

एका सुरासाठी नटांना रडवणारा माणूस, नेमका इथे गप्प बसला. हिवाळा लागायच्या आतच नेरीनाला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

तोत्सीनं तिच्या जागी आवाज द्यायला झाइरा नावाची बाई आणली. बाई गुणी होती, तिथेच घात झाला.

"मास्तर, त्या कशा बोलायच्या, जरा करून दाखवा ना," ती म्हणाली.

पडद्यावर नेरीना मुकाट ओठ हलवत होती. ऑत्ताव्हिओ बोलून दाखवू लागला. "असं नाही. अजून खालून. शेवटचा शब्द गिळायची ती." झाइरा एकेक बारकावा उचलत गेली. संध्याकाळपर्यंत खोलीतली माणसं डोळे पुसायला लागली.

"बाईच बोलतायत की," तोत्सी पुटपुटला. ऑत्ताव्हिओलाही तसंच वाटलं, आणि त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. ते फसफसलं की आतल्या खोलीतून नेरीनाची हाक यायची, "अरे, उतू जाईल ते." ती गेल्यापासून ही हाक तो रोज मनातल्या मनात ऐकायचा. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

भांडं फसफसलं. हाक आली. शब्द तेच होते, आवाज झाइराचा होता.

त्यानं डोळे मिटले, पुन्हा कान दिला. पुन्हा झाइराच.

कॉफी उतू गेली, शेगडी विझली, तरी तो तिथेच उभा राहून ऐकत होता.