आठाचे तीन

नोकरीची सगळी वर्षं त्याने कारखान्याच्या बॉयलरवर काढली होती. दाबाचा काटा खाली आला की धावायचं, हे एकच शास्त्र त्याला पाठ. त्यामुळे बायकोला अतिदक्षता विभागात हलवलं आणि डॉक्टरीणबाई तिच्या रक्तातल्या लॅक्टेटचा आकडा सांगू लागल्या, तेव्हा त्याने काही विचारलंच नाही. काटा आपल्याला कळतो, ही घमेंड. लघवीतला साधा संसर्ग रक्तात पसरला होता आणि ती डोळे मिटून पडली होती.

सकाळी आकडा होता आठ. दुपारी साडेपाच. संध्याकाळी भेटीच्या वेळेला डॉक्टरीणबाई "आता तीन" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. तोंडावर मास्क, चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही. त्याच्या हिशेबी बॉयलर विझत आला होता.

"बोला काका त्यांच्याशी," सिस्टर म्हणाली. "डोळे मिटलेले असले तरी कानावर पडतं."

तो बायकोच्या कानाशी वाकला. दोघांचं कधी पटलं नव्हतं आणि एकमेकांवाचून पान हललं नव्हतं.

"माझी काळजी करू नकोस," तो म्हणाला. "दोन घास शिजवता येतात मला. आळसापायी कधी बोललो नाही. फार दमलीस गं. तू खुशाल जा."

मग बाहेर बाकावर बसून तो ढसाढसा रडला. डॉक्टरीणबाई तिथून निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"काका, रडताय कशाला? चांगलं चाललंय की."

"चांगलं? आठाचे तीन झाले!"

"अहो, तो खालीच यायला हवा! शरीराला प्राणवायू पुरेना झाला की लॅक्टेट रक्तात साठतं. ते असं भराभर उतरलं की पेशंट वाचायची आशा वाढते. छातीठोक सांगत नाही मी. पण सकाळपेक्षा पुष्कळ आशा आहे."

त्याला हसू फुटलं आणि तिथेच गोठलं. जिवाच्या आकांताने झुंजणाऱ्या बाईला हा शहाणा जायची परवानगी देऊन आला होता!

दाराशी वॉचमनने अडवलं. "वेळ संपली. आता सकाळी."

"बाबा रे, आत चुकीचं बोलून आलोय. सकाळपर्यंत तसंच ठेवता यायचं नाही."

वॉचमनला ओ की ठो कळलं नाही, पण म्हाताऱ्याचा अवतार बघून त्याने सिस्टरला हाक मारली. सिस्टरने एक मिनिट दिलं.

"अगं, मघाचं सगळं खोटं," तो धापा टाकत म्हणाला. "अक्कल गहाण ठेवली होती मी. मला काही शिजवता येत नाही, उपाशी मरेन. कुठे जायचं नाही."

तिची पापणीही हलली नाही. सिस्टर घड्याळाकडे बघू लागली. त्याला भलतीच भीती वाटली, की बायको नेमकी आजच आपलं मघाचं म्हणणं मनावर घ्यायची. त्याने तिचा हात घट्ट धरला.

"जन्मभर माझा एक शब्द ऐकला नाहीस," तो रडत म्हणाला. "आजच कसली सुरुवात करतेस?"