शेवटचा ‘य’

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. प्रुफं तपासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला ओळ न वाचताही टोचायची.

घरी रोज सकाळी आंघोळ झाली की ती देवापुढे बसे आणि तीन माळा जप करी. ‘ॐ नमो नारायणाय.’ अकरा वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

मांडीचं हाड मोडल्यावर तिची थोरली नणंद त्यांच्याकडे राहायला आली. वॉकरच्या आधाराने ती देवघरापर्यंत येई, भिंगबाईच्या मागे खुर्चीत बसे आणि सुरू करी, “ॐ नमो नारायणा...”

शेवटचा ‘य’ नाहीच. पहिल्या दिवशी भिंगबाईने तो सौम्यपणे सांगितला. दुसऱ्या दिवशीही सांगितला. ताई ‘हो गं’ म्हणायच्या, पण दहाव्या मण्याला गाडी मूळपदावर. आठवडाभराने भिंगबाईने माळ थांबवली आणि ती मागे वळून म्हणाली, “ताई, एक अक्षर आहे. तेवढंही लक्षात राहू नये?”

ताई वॉकर धरून खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पाय दुखतोय म्हणाल्या.

आता कानाला टोचत नव्हतं. चार दिवस भिंगबाईचा जप अगदी सुरळीत झाला. पाचव्या दिवशी बोट मेरुमण्याला लागलं तेव्हा ती दचकली. तिसरी माळ संपली होती आणि त्यात एकदाही नाव घेतल्याचं तिला आठवेना. सगळा वेळ ती मनात ताईंना सुनावत होती, ताईंनी काय उत्तर दिलं असतं ते ठरवत होती, आणि त्या उत्तरातल्या चुकाही काढत होती. ओठ मात्र हलत होते.

चहा घेताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो बशीत चहा ओतत म्हणाला, “मला कधीपासून विचारायचंय. तू जपाला बसतेस की प्रुफाला?”

तिला राग आला. पण कप विसळता विसळता तो ओसरला. अकरा वर्षांत अशा किती माळा नुसत्या बोटांतून सरकल्या असतील?

ती ताईंच्या खोलीत गेली. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चाहूल लागताच तेही थांबले.

“जप चाललाय?”

“करत होते. पण हल्ली चुकेल चुकेल अशी धास्तीच वाटते बघ, वहिनी. मग सगळं लक्ष त्या अक्षरावर. देव राहतो बाजूला.”

भिंगबाई पलंगाच्या कडेवर टेकली. “माझंही तेच झालंय, ताई. माझं लक्ष तुमच्या अक्षरावर.” मग ती म्हणाली, “चुकलं माझं. त्या दिवशी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं.”

ताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. “अगं, आईने मला ‘नारायणा’ असंच शिकवलं होतं. लहान होते, हाक मारल्यासारखं म्हणायची सवय लागली.”

“मग तसंच म्हणा. पण उद्या बाहेर या. आणि माझं मन भरकटलं तर मला टोका.”

“तुझ्या मनातलं मला कसं कळणार?”

“मी कुणाची चूक काढायला लागले की माझी मान ताठ होते म्हणे. हे म्हणतात.”

“खोटं नाही म्हणत तो,” ताई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंची खुर्ची मागे नाही, शेजारी मांडली होती. पहिल्या माळेत भिंगबाईचं मन सात वेळा सटकलं. एकदा छापखान्यात गेलं, दोनदा ताईंच्या ‘णा’वर अडलं, बाकी कुठे कुठे. दर वेळी तिने ते हलकेच वळवून नावाकडे आणलं. एकदा ताईंना खाकरावं लागलं.

तीन माळांना रोजच्या दुप्पट वेळ लागला. नवरा दारात येऊन म्हणाला, “आज उशीर होणार तुला.”

“होऊ दे,” ती म्हणाली आणि डोळ्यांना माळ लावून उठली.