उसनी गोळी

"निकिते, कापूस वेचून राह्यली का पराटीले गोंजारून राह्यली?"

वावर मथुराबाईचं आणि सूनही मथुराबाईचीच, म्हणून आवाजाला दुहेरी हक्क होता. बोरी अरबच्या अलीकडं उतारावरच्या त्या काळ्या जमिनीत भावकीतल्या बाया कमरेला ओट्या बांधून कापूस वेचत होत्या. मजूर मिळेनात, तेव्हापासून आज हिच्या वावरात, उद्या तिच्या, अशी त्यांची आपसात फेड चाले. उद्याची पाळी कुंदाची. तिच्या वावरात बोंडं फुटून लोंबत होती आणि वर आभाळ भरून येत होतं. भिजला की कापूस पिवळा पडणार, मग व्यापारी त्याच्याकडं बघून नाक मुरडणार.

निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निकिताचं लेकरू रडत होतं. निकिता पराटीच्या झुडपापुढं, हातातल्या बोंडाकडं बघत उभी. कुंदानं ते पाहिलं. ती स्वतः अशीच चुलीपुढं उभी राहायची. दूध उतू जायचं, डोळ्यांपुढं जायचं, पण हात पातेल्यापर्यंत पोचायचा नाही.

"लेकरू रडते ना व माय," ती निकिताला म्हणाली.

"नाटकं हाय तिचे," मथुराबाईनं परस्पर उत्तर दिलं. "आमी काय लेकरं पैदा नाई केले?"

दुपारी जेवणं चालू होती. कुंदानं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळी ती चारचौघींत घ्यायची. लपवली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं. बीपीची, असं तिनं सांगून ठेवलं होतं. हे नाव नवऱ्यानं, नीळकंठनं, शोधून दिलेलं. बीपी हा घरंदाज आजार. सरपंचाला असतो, गुरुजींना असतो, त्याची कोणाला लाज नाही.

"बाप्पा, डोकं गरगर करून राह्यलं," मथुराबाई कपाळ धरून म्हणाली. "माह्यी गोळी घरीच राह्यली. कुंदे, दे व तुह्यावाली एक. उद्या वापस करतो."

गावात विरजण उसनं जातं, तशी गोळीही जाते. कोणाला त्यात काही वाटत नाही.

"ह्यी नाई चालत तुमाले, बाई."

"काहून? तुह्यं बीपी शहरातलं हाय का?"

बाया हसल्या.

"ह्यी... जास्त पावरची हाय."

"मंग चांगलंच हाय की. माह्यंबी बीपी जास्तच हाय." मथुराबाईनं पाकीट ओढलं, अंगठ्यानं एक गोळी फोडली आणि तोंडात टाकून तांब्या उचलला.

"थुका!" कुंदा किंचाळली. तिनं तांब्यावर हात मारला, पाणी मथुराबाईच्या लुगड्यावर सांडलं. "थुका, बाई! बीपीची नाई थे! मनाच्या बिमारीची हाय!"

मथुराबाईनं गोळी थुंकली.

"म्हंजे... येडाची?" पलीकडं जेवत बसलेली मोनाली म्हणाली.

कुंदाला वाटलं, अजूनही काहीतरी सांगून फिरवता येईल. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "म्हणा येडाची. विहिरीपाशी जाऊन बसत होती मी. पाणी काढाले नाई. दारव्ह्याच्या डॉक्टरनं गोळी सुरू केली, म्हणून आज तुमच्यात बसून भाकर खाऊन राह्यली."

"अन आमच्या डब्यात हात घालून राह्यली!" मथुराबाईनं आपला ठेचा जवळ ओढला. "भैताड बाई! आमाले सांगतलं काहून नाई?"

"आता सांगतलं तं ठेचा ओढला ना तुमी? म्हणून नाई सांगतलं."

मथुराबाई जास्तच चिडली. कुंदानं इथं गप्प बसायचं होतं. पण एकदा उघडलेलं तोंड तिला मिटेना. "मोनाली, स्कुटीवर जाऊन बाईची खरी गोळी आण. अन बाई, निकितालेबी दाखवा डॉक्टरले. तिचे नाटकं नाई हाय."

"माह्या सुनेले येडी म्हणते?" मथुराबाई चक्कर विसरून उभी राहिली. "ऐका व बायांनो! उद्या हिच्या वावरात जी जाईन, थिनं माह्या दारात पाय नाई ठेवाचा!"

झोळीजवळ बसलेली निकिता मातीकडं बघत होती.

संध्याकाळी नीळकंठनं चपला काढायच्या आधीच तोंड सुरू केलं. बातमी त्याला रस्त्यातच भेटली होती.

"एका गोळीनं मरत होती का थे बुढी? इज्जतीचं भजं केलं तुनं. आता वेच एकटीच."

"एकटी वेचीन."

"अन पाऊस आला तं?"

"तुमाले हात नाई का?"

नीळकंठला हात होते, पण त्याला दुसऱ्या दिवशी बोरीला काम निघालं.

सकाळी कुंदा एकटीच पराटीच्या पहिल्या ओळीला, पहिल्या तासाला लागली. रस्त्यानं जाणाऱ्या बाया मुंडी वळवून गेल्या. मोनाली तेवढी हसली, तेही पदराआड. वारा सुटला होता. कापसाचे झुपके बोंडातून सुटून जमिनीवर पडत होते. हात दोनच आणि वावर केवढं!

धुऱ्याच्या बांधावरून निकिता आली. काखेत लेकरू, खांद्यावर झोळी, कमरेला ओटी.

"आत्याबाईले सांगून आली का व?"

"नाई, काकी."

मागोमाग मथुराबाई आलीच. पराटीच्या फांद्या मोडत, शिव्या पेरत. "चाल घरी! येडीच्या संगतीनं येडी व्हाचं हाय का? लेकरू रडते थे ऐकू येत नाई तुले!"

"ऐकू येते, आत्याबाई." निकितानं पहिल्यांदाच सासूकडं सरळ पाहिलं. "रडते थे ऐकू येते. पण थे माह्यं हाय, असं वाटत नाई. मले कोणी सांगा, असं काहून होऊन राह्यलं."

मथुराबाईनं लेकरू हिसकल्यासारखं घेतलं, खांद्यावर थोपटलं आणि सगळा राग कुंदाकडं वळवला.

"तुनंच शिकोलं हे! मी काय तुह्यासाठी नाई आली, समजलं? सून नजरेखाली पाह्यजे म्हणून थांबून राह्यली." तिनं झाडाला झोळी बांधून लेकरू तीत टाकलं, ओटी खोचली आणि कुंदाच्या बाजूचाच तास धरला. वेचता वेचता वर न बघताच खेकसली, "थो डॉक्टर कोण्या वारी बसते?"

"मंगळवारी."

"मी फकस्त इचारलं."

आभाळ गडगडत होतं, पण पाऊस पडत नव्हता. दुपारी भाकरी सोडल्यावर मथुराबाईनं पार रस्त्यापर्यंत जाईल असा आवाज लावला.

"ओ येडे! गोळी घेतली का?"

रस्त्यावरच्या दोघी थबकल्या. कुंदानं तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलं. "घेतली! तुमची?"

मथुराबाईनं कमरेचा बटवा चाचपला. मग पदराची गाठ. मग पुन्हा बटवा.

"हात्तिच्या मायले," ती पुटपुटली.