एकटीनं लावायचं दार

गाडीचं दार खाली यायचं सोडून सिंधुताईच वर गेल्या. पट्टा दोन्ही हातांनी धरून त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला, आणि दाराने त्यांनाच सीटवरून वीतभर उचलून घेतलं.

"भाऊ," त्या लोंबकळतच म्हणाल्या, "हे तं मलेच घेऊन जाऊन राहिलं."

चंपत मेश्राम इतका हसला की हातातला पाना खाली ठेवावा लागला. दुर्गजवळच्या सुपेल्यातल्या आपल्या गॅरेजमध्ये तो असा कधी हसला होता, ते त्याचं त्यालाही आठवलं नसतं.

"शॉकरचा पयला जोड लेचापेचा होता, हा पैलवान निंघाला," तो म्हणाला. "सोडा पट्टा. तिसरा मागवतो."

"मागवा. मी काही पळून नाही जाऊन राहिली."

गाडी मोठी नवलाची होती. तिची दारं बाजूला उघडत नसत. बिजागऱ्या छताला, आणि उघडली की पाखराने पंख उभारावेत तशी ती वर जात. वर गेलेलं दार तोलून धरायला प्रत्येक दाराला एक गॅस भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारी दांडी असते. डिक्कीला असते तशीच. मिस्त्री लोक तिला शॉकर म्हणतात. सिंधुताईंचे मारोतराव पोलादाच्या प्लांटमध्ये रेल मिलला होते. एका बुडालेल्या ठेकेदाराच्या लिलावातून त्यांनी ही परदेशी गाडी उचलली आणि पुढची उमर सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली पडून काढली. गेल्या वर्षी ते गेले. मागोमाग शॉकरांनीही मान टाकली.

गाडी घेऊन आल्या तेव्हाच सिंधुताईंनी अट घातली होती. "मले एकटीले उघडता आलं पायजे, अन् एकटीले लावता आलं पायजे. हे काय करत, मी बसली का फिरून माह्या बाजूनं येत अन् डब्याचं झाकन लावल्यासारखं मले आत बंद करत. आता झाकन लावनारा नाही. स्टेरिंगवर बी मीच."

म्हणून परीक्षा. थंडीत गॅस आकसतो, उन्हात फुगतो. दुपारी ताठ उभं राहिलेलं दार पहाटेच्या गारठ्यात मान टाकतं. डिसेंबर चालू होता. सिंधुताई दुर्गच्या मोहन नगरातून ऑटो करून सकाळी एकदा येत आणि ऊन चढल्यावर परत एकदा. दार वर टिकतं का, हे चंपतला एकट्यानेही पाहता आलं असतं. पण बसलेल्या बाईच्या हाताला ते खेचतं का, हे त्या बाईशिवाय कळणार कसं? इथपर्यंत सगळं खरंच होतं. सकाळच्या परीक्षेला दोन दोन तास लागत, त्यात मात्र गॅसचा काही दोष नव्हता.

चंपतची बायको रुक्मा लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून नागपूरला गेली होती. ते बाळ आता शाळेत जायला लागलं होतं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. लेक-जावई नोकरीला, पोराला सांभाळणार कोण, एवढंच. रोज फोन येई. "जेवले का?" "जेवलो." मग नातवाने काहीतरी सांडलेलं असे आणि फोन बंद होई. नातू आला फोनवर तर "नानाजी, कैसे हो" म्हणून पळे. बोरसीच्या घरी शेजार छत्तीसगढी, गॅरेजात गिऱ्हाईक हिंदी. एकदा भाजीवाल्यापुढे त्याला दोडका हा शब्दच आठवेना. तोरई, तोरई, एवढंच तोंडात येत राहिलं. त्या दिवशी त्याने भाजी न घेताच घर गाठलं आणि अंथरुणावर पडून राहिला. एकटेपणाची त्याला सवय होती. भाषा हातची जातेय, याची भीती नवीन होती.

आणि अशात या बाई आल्या. नागपूरच्या वाटेवरल्या तुमसरकडच्या, तोंडाने फटकळ. "कावून बाप्पा, चहा पाजता का इंजनाचं तेल?" असं कोणी म्हटलं की त्याला आपल्या आईच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटे. तोही बोले. इतकं बोले की संध्याकाळी घसा बसे.

तिसरा जोड आला तो मात्र बेतशीर निघाला. सकाळी टिकला, दुपारी टिकला. पट्टा चंपतने चार बोटं लांब केला, आणि सिंधुताईंनी बसल्या बसल्या दार अलगद खाली आणलं. काचेआडून त्या हसल्या. पोरीसारखं दहादा उघडलं, दहादा लावलं.

"पास झालं न?" त्यांनी विचारलं.

"अजून एक सकाळ पाहू," चंपत म्हणाला. "थंडी वाढून राहिली."

संध्याकाळी त्याने स्टिअरिंगकडच्या दाराचा शॉकर काढला आणि उलटा लावला. दार लावलेलं असताना नळी वर हवी आणि दांडी खाली, म्हणजे आतलं तेल सीलवर बसतं. उलटा लावला तरी दार तसंच चालतं, कोणाला पत्ता लागत नाही. फक्त सील सुकत जातं आणि चार-सहा महिन्यांत गॅस निघून जातो. दार काही एकदम डोक्यात पडणार नाही, हळूहळू सैल होईल, त्या परत येतील. असं त्याने स्वतःला समजावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याने शटर ओढलं तेही आवाज न करता.

सकाळी सिंधुताई डबा घेऊन आल्या. सांबारवडी होती, कोथिंबीर ठासून भरलेली. त्यांनी दार वर केलं, सीटवर आडव्या बसल्या, पाय बाहेर सोडले आणि डबा मांडीवर उघडला. दाराची कड बरोबर त्यांच्या डोक्यावर होती.

"घ्या. गरम हाये तोवर घ्या."

चंपतने वडी घेतली. ती हातातच राहिली.

"तिथं नका बसू, ताई."

"कावून? तुमीच तं पास केलं. आता मले कायचं भ्या?"

त्या निवांत खात होत्या. वर बघतही नव्हत्या. चंपतने वडी डब्यात परत ठेवली.

"जरा उतरा बाहेर. पाच मिनिटाचं काम हाये."

दाराला टेकू देऊन त्याने शॉकर काढला, फिरवला, लावला. सिंधुताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. चाळीस वर्षं गाडीखालच्या नवऱ्याच्या हातात पाने दिलेली बाई ती.

"हे उलटं होतं," त्या म्हणाल्या. "काल तं सरळ होतं."

"हाव."

"मंग?"

"उलटं असलं का सील सुकते," चंपत जमिनीकडे बघत म्हणाला. "सहा महिन्यानं तुमाले परत यावं लागलं असतं."

सिंधुताईंनी डब्याचं झाकण लावलं.

"बोलावलं असतं तं तशी बी आली असती न मी," त्या म्हणाल्या. "आता नाही जमत, भाऊ. घर विकलं. भैनीकडं चालली मी, तुमसरले. कायमची. मनून तं एकटीले दार लावता यायले पायजे होतं."

चंपतने मान हलवली.

त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. "डबा राहू द्या तुमालेच." मग आत बसल्या, हात वर केला, पट्टा धरला आणि दार खाली आणलं. बंद झाल्याचा आवाज मऊ आला, जसा यायला हवा तसा. गाडी चौकातल्या गर्दीत शिरली, आणि सायकली, ऑटो, हातगाड्या थांबून तिच्याकडे बघत राहिल्या.

चंपत उभ्याउभ्याच सगळ्या वड्या खाऊन संपवत होता, तेव्हा एकजण डिक्की दोरीने बांधलेली गाडी घेऊन दारात आला.

"काय झालं गाडीले?" चंपतने विचारलं.

माणूस नुसताच बघत राहिला. "जी?"

चंपतने तोंडातला घास गिळला, हात फडक्याला पुसले, आणि तेच हिंदीत विचारलं.