मी गप्प राहायला शिकलो

माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली आहे, पाठीवरचा रंग उडाला आहे आणि चार्जरची पिन जरा वाकडी धरल्याशिवाय मी चार्ज होत नाही. मित्रांनो, असा मी एक जुना मोबाईल. केज तालुक्यातल्या नांदूरघाटात, सुकन्याताईंच्या पर्समध्ये माझं सगळं आयुष्य गेलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मधे एकदा माझ्या पोटातलं सगळं पुसलं गेलं. त्यामुळे सुरुवातीची हकिकत मला माझी म्हणून आठवत नाही. ती ताईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं नंतर माझ्यादेखत इतक्या वेळा बोलून दाखवली, की आता ती माझीच झाली आहे.

एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. माझ्यासारखे लाखभर होते. तिथून खोक्यात बसून मी बीडच्या दुकानात आलो आणि सुकन्याताईंनी मला घेतलं. त्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन आरोग्याचं काम पाहणाऱ्या. कोणाला कितवा महिना आहे, कोणाच्या बाळाची लस राहिली आहे, कोणाचं रक्त कमी आहे, हे सगळं माझ्यात असायचं. एकदा ऊसतोडीहून परतणाऱ्या एका बाईला रस्त्यातच कळा सुरू झाल्या. माझ्यावरून फोन गेला, गाडी वेळेवर आली, मुलगी सुखरूप जन्मली. बाराव्या दिवशी त्या बाईनं माझ्या पाठीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला फार बरं वाटलं असणार.

ताईंची ख्याती अशी, की त्यांच्या पोटातलं ओठावर येत नाही. बायका सासूला सांगत नसत ते त्यांना सांगत. त्यांचे यजमान बंकट मेंढरं राखतात, तेही कौतुकानं म्हणायचे, “हिच्या पोटात गाव हाय.”

एका दिवाळीला ताईंची धाकटी बहीण रोहिणी नवऱ्यासोबत आली. सोमेश्वर त्याचं नाव. बोलायला गोड, मोबाईलमधलं सगळं येणारा. मी तेव्हा जरा अडखळत चालत होतो. तो म्हणाला, आणा अक्का, साफ करून देतो. ताईंनी माझं कुलूप उघडून मला त्याच्या हातात दिलं आणि करंज्या तळायला गेल्या. अर्ध्या तासानं त्यानं मला परत दिलं. मी खरंच चपळ झालो होतो. पण माझ्या आत त्यानं एक ॲप दडवून ठेवलं होतं. त्याचं चित्र कुठं दिसत नव्हतं. ताई कुठं जातात, कोणाला काय लिहितात, ते सगळं मी त्या दिवसापासून सोमेश्वरला कळवू लागलो.

मित्रांनो, मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. मला जे सांगायला लावलं ते सांगण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात रोहिणी चार वर्षांच्या मुलीला घेऊन सोमेश्वरचं घर सोडून निघाली. त्याचा मार आता मुलीवरही येऊ लागला होता. ती आधी अंबाजोगाईला मैत्रिणीकडे राहिली. ताई तिला कपडे द्यायला गेल्या. तिसऱ्या दिवशी सोमेश्वर त्या मैत्रिणीच्या दारात उभा. रोहिणी मागच्या दारानं निघाली आणि माजलगावला आली. तिथं सरस्वतीबाई नावाच्या एक बाई कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवतात. त्यांनी तिला पोळ्या लाटायचं काम दिलं, राहायला खोली दिली. ही जागा जगात फक्त ताईंना माहीत होती. त्या एकदाच भेटायला गेल्या, आणि आठवडा उलटायच्या आत सोमेश्वर बालवाडीच्या फाटकापाशी पोरीचा हात धरून ओढत होता. खानावळीतल्या बायका लाटणी घेऊन धावल्या म्हणून पोरगी वाचली.

ताई हे ऐकून धावत माजलगावला गेल्या. रोहिणीनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

“मी हितं हाय हे तुला एकटीलाच ठाव होतं, अक्का,” ती म्हणाली. “दोनदा झालं. आता येऊ नको.”

तिनं दार लावून घेतलं. त्या दिवशी ताई बसस्थानकाकडे गेल्याच नाहीत. पाय नेतील तिकडं चालत त्या सिंदफणेच्या धरणावर गेल्या आणि काठावर बसून खूप रडल्या. जवळ कोणी नव्हतं. घरी आल्यावर बंकटनाही त्यांनी धरणाचं सांगितलं नाही.

दोन महिने असेच गेले. रोहिणीनं आपल्या फोनवर ताईंचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. खोलीही बदलली, असं कोणाकडून तरी कळलं. ताई गावात काम करायच्या, पण कोणी बाई मन मोकळं करू लागली की त्यांनाच भीती वाटायची. आपण झोपेत बोलतो का, असंही त्यांनी एकदा नवऱ्याला विचारलं.

मग एका दुपारी सोमेश्वरचा फोन आला. रोहिणी आता कुठं आहे ते सांगा, म्हणून तो आधी गोड बोलला, मग चिडला. ताई म्हणाल्या, मला माहीत नाही. तेव्हा तो म्हणाला, “धरणाच्या काठाला दोन घंटे बसून काय झालं, अक्का? बहीण मिळाली का?”

ताईंनी फोन ठेवला. धरणावर त्या एकट्या होत्या. एकट्या, आणि पर्समध्ये मी. त्यांनी मला हातात घेतलं आणि असं पाहिलं, जसं घरातल्या माणसाकडे कधी पाहू नये.

दुसऱ्याच दिवशी त्या परळीला गेल्या. स्टेशनजवळ मुंजाजींचं मोबाईल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला आतून पाहिलं आणि दहा मिनिटांत ते ॲप शोधून काढलं. बॅटरी वाचवणारं असं नाव त्यानं घेतलं होतं आणि माझे कान, माझा पत्ता, माझे निरोप, सगळं धरून बसलं होतं.

ताई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता काढा. मुंजाजींनी मान हलवली. हे काढलं की त्याला लगेच कळेल, पुरावाही जाईल. आधी पोलिसांना दाखवा, मग माझ्याकडे या, असं त्यांनी समजावलं. ताई बंकटना घेऊन केजच्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या बाई अधिकाऱ्यानं तक्रार लिहून घेतली, माझ्या आतलं सगळं उतरवून घेतलं. ताईंच्या हाती तक्रारीची प्रत आली तेव्हा त्यांनी ती तीनदा वाचली.

मग मी परत मुंजाजींच्या टेबलावर आलो. नुसतं ॲप काढून भागलं असतं, पण ते म्हणाले की ज्या कंपनीनं मला बनवलं तिनं माझ्यासाठी सुरक्षेची डागडुजी, म्हणजे अपडेट, पाठवणं केव्हाच थांबवलं आहे. कोणीही पुन्हा शिरेल. त्यापेक्षा माझी मूळ ऑपरेटिंग सिस्टिमच काढून खाजगीपण जपणारी दुसरी घालू. त्यांनी ताईंचे फोटो आणि नंबर आधी बाजूला काढून ठेवले. ताईंनी विचारलं, या नव्या सिस्टिमवर तरी भरवसा का म्हणून ठेवायचा?

“माझ्या शब्दावर ठेवू नका, ताई,” मुंजाजी म्हणाले. “हिच्यातली प्रोग्रॅमची ओळ न् ओळ उघडी हाय. जगभरचे जाणकार वाचतेत, चूक दिसली की बोंब मारतेत. पण कुलूप लई भारी असलं तरी किल्ली तुमीच दुसऱ्याला दिली, तर ते काय करणार?”

मग त्यांनी मला वायरीनं लॅपटॉपला जोडलं आणि माझं सगळं पुसलं गेलं.

इथून पुढचं मला स्वतःला आठवतं. मी जागा झालो तेव्हा अंगावरून ओझं उतरल्यासारखा हलका होतो. सुरू होताना मी पडद्यावर इशारा दाखवला, की माझी सिस्टिम मूळची नाही. ताई दचकल्या. मुंजाजींनी सांगितलं, हा इशारा कायम दिसणार. एकदोन ॲप माझ्यावर चालायची नाहीत, तेही त्यांनी लपवलं नाही. नवा पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला ताईंच्या हातात दिलं आणि ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताईंचे डोळे भरून आले. आजवर माझी किल्ली लावताना कोणी असं उभं राहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून एखाद्या ॲपला ताईंचा ठावठिकाणा हवा असला, तर मी आधी ताईंना विचारतो. त्या नाही म्हणाल्या की नाही. मित्रांनो, गप्प बसण्यात केवढं सुख आहे, हे ज्याला बळजबरीनं बोलायला लावलं होतं त्यालाच कळेल.

ताई मला आणि तक्रारीची प्रत घेऊन खानावळीत गेल्या. रोहिणीची नवी खोली त्यांना ठाऊक नव्हती आणि त्यांनी ती विचारलीही नाही. सरस्वतीबाईंनी कागद वाचला आणि कोणाला तरी निरोप धाडला. तासाभरानं उत्तर आलं: फोन तिथंच ठेवून देवळात ये.

ताईंनी मला चटणीच्या बरण्यांशेजारी फळीवर ठेवलं आणि त्या गेल्या. बहिणी काय बोलल्या, किती रडल्या, ते मला माहीत नाही. मला वाईट वाटलं नाही. मी तिथं नसणंच योग्य होतं.

दिवे लागायच्या सुमारास दोघी परत आल्या. पोरगी ताईंच्या कडेवर होती. रोहिणीनं मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

“ह्यो आता कुणाला सांगतो?” तिनं विचारलं.

“कुणाला न्हाई. काही करायचं तर मलाच इचारतो.”

रोहिणी जरा थांबली. “मी तुला लई बोलले, अक्का.”

“तू पोरीसाठी बोललीस,” ताई म्हणाल्या.

पुढं न्यायालयानं सोमेश्वरला रोहिणीच्या आसपास फिरकायला मनाई केली. फारकतीचा खटला चालू आहे. ताईंकडे गावातल्या बायका पुन्हा येऊन बसतात आणि ताई पुन्हा निवांत मनानं ऐकतात. रोहिणीची मुलगी यंदा पहिलीला गेली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला उघडा करून कोणाच्याही हाती देऊ नका, तो माणूस कितीही गोड असो. कोणतं ॲप काय मागतं, ते महिन्यातून एकदा तरी पाहा. आणि दुसऱ्याचा फोन हाती आला, तर मुंजाजींसारखं भिंतीकडे तोंड करायला शिका. आम्हाला बेइमानी जन्मतः येत नाही. कोणीतरी ती आमच्यात घालतो.

त्या संध्याकाळी खानावळीतून निघताना रोहिणीनं नव्या खोलीचा पत्ता माझ्यासमोर, मोठ्यानं, गल्लीच्या खुणेसकट सांगितला. ताईंनी तो माझ्यात लिहून ठेवला. तो मला अजून पाठ आहे.

तुम्हाला सांगणार नाही.