गिझरवालीची मुलाखत

सदतिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हटलं की लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात आणि मग तुमच्या आईकडे. आमच्या बाकोलोद शहरात तर जरा जास्तच. शेजारची तिता नेनेत, नात्याने नसली तरी मावशीच, माझ्या नानायला म्हणाली, "अगं, रोवेलिन डॉक्टर होईल तोवर तिला स्वतःलाच डॉक्टर लागेल." नानाय माझी आई असूनही हसली. मला असा संताप आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

बारा वर्षं मी कॉल सेंटरमध्ये आहे. अमेरिकेतल्या ओहायोतल्या लोकांचे गिझर बिघडले की ते रात्री मला शिव्या घालतात. त्यांची रात्र नव्हे, माझी. तिकडे मी रोवेलिन नाही, 'रोझी' आहे. रोझीने काय बोलायचं ते कंपनीने ठरवून दिलंय. गिऱ्हाईक कितीही भडकलं तरी 'आपला त्रास मी समजू शकते' म्हणायचं. आणि 'मला माहीत नाही' असं चुकूनही म्हणायचं नाही. ते म्हटलं की पगार कापतात. माझ्याशेजारी बसणाऱ्या दोघांची नोकरी त्यापायीच गेली.

प्रवेश परीक्षेत मला गुण चांगले होते, पण ते दोनच वर्षं चालतात आणि दुसरं वर्ष संपत आलं होतं. चार कॉलेजांनी नाही म्हटलं. एकाने तर वय वाचून 'शुभेच्छा' असं लिहिलं, जणू काही मी रिटायर होतेय! पाचव्याने मुलाखतीला बोलावलं. हे गेलं की संपलं, पुन्हा परीक्षा द्यायला ना पैसे होते ना अंगात जीव.

नानायने क्लारा संतिणीच्या मठात डझनभर अंडी नेऊन दिली. आमच्याकडे परीक्षा असो की लग्न, मठातल्या नन्सना अंडी द्यायची, म्हणजे आभाळ स्वच्छ राहतं. मी म्हटलं, "नानाय, मुलाखत खोलीत आहे, मैदानात नाही."

"गप गं इंदाय, पोरी माझ्या," ती म्हणाली. "तुझ्या नशिबाला छप्पर कुठाय?"

रात्रपाळी संपवून, तोंडावर पाणी मारून मी तशीच गेले. समोर दोघं होते. डॉ. तुपास नावाच्या चष्मेवाल्या बाई आणि म्हातारे डॉ. हालांदोनी. त्यांच्या भुवया बघून मी खुर्चीच्या कडेलाच टेकले. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, असं दारावरच्या कारकुनाने बजावलं होतं.

बाईंनी गोड विचारलं, "इतक्या उशिरा डॉक्टर का व्हावंसं वाटलं?"

उत्तर तोंडपाठ होतं. मी तोंड उघडणार तोच म्हाताऱ्याने माझा कागद वर उचलला. "कॉल सेंटर? तुम्ही कॉल सेंटरमध्ये आहात?"

"हो, डॉक्टर."

"तीन आठवडे! तीन आठवडे माझं इंटरनेट बंद आहे! रोज फोन करतो, रोज एक नवीन पोरगी गाणं लावून निघून जाते!"

आता शहाण्या बाईने म्हटलं असतं की डॉक्टर, मी गिझरवाली, तेही ओहायोच्या. पण जित्याची खोड! माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सर, आपला त्रास मी समजू शकते."

"हेच! हेच ते वाक्य!" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "तुपास, ऐकलंस? सगळ्यांना एकाच शाळेत शिकवतात!"

मग जो तोंडाचा पट्टा सुटला! बिलं, तारा, खांबावर चढून परत उतरलेला माणूस, सगळं झालं. बाई मध्ये बोलायला गेल्या तर त्यांनाही गप्प केलं. माझी मिनिटं चालली होती आणि मी काय करावं? मी म्हटलं, "सर, आपण क्षणभर लाइनवर थांबाल का?"

तुपासबाईंना ठसका लागला. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मला नाही, या म्हाताऱ्याला पोटात घ्यावं.

पण बारा वर्षांत एक कळलंय. जो गिझरवरून एवढा ओरडतो, त्याचं दुखणं गिझरचं नसतं. मी विचारलं, "सर, इंटरनेट बंद झाल्यापासून तुमचं नक्की काय अडलंय?"

ते थांबले. "रविवार," म्हणाले. "मुलगी परदेशात, विनिपेगला नर्स आहे. रविवारी नातवाला दाखवते. आत्ता बोलायला लागलाय. फोनवर नुसता श्वास ऐकू येतो, चेहरा दिसला तरच बोलतो." आवाज एकदम खाली आला. "तीन रविवार गेले. विसरला असेल का मला?"

याचंही उत्तर कंपनीने दिलेलं आहे. काळजी करू नका, आपली अडचण लवकरच दूर होईल. ओठांवर आलं होतं.

"मला माहीत नाही, डॉक्टर," मी म्हणाले.

कारकुनाने दार किलकिलं करून घड्याळ दाखवलं, आणि माझं डोकंच फिरलं. तोंडपाठ उत्तर गेलं उडत.

"आता माझं ऐका!" मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी एका आजोबांचा फोन आला. गिझरबद्दलच बोलत होते, पण मध्येच म्हणाले, छातीत दुखतंय, हात जड झालाय. मी म्हटलं, रुग्णवाहिका बोलवा. तेवढ्यात साहेबाने माझी लाइन तोडून दुसरीकडे दिली, कारण औषधपाण्याचं बोलायची आम्हाला मनाई. पुढे काय झालं, ते आजोबा जगले का, मला माहीत नाही. रोज वाटतं, माहीत असायला हवं होतं. कोणाला दुखतंय हे ऐकायचं आणि लाइन दुसऱ्याला द्यायची, हे मला पुन्हा करायचं नाहीये. म्हणून यायचंय इथे. वय झालंय तर झालंय!"

बोलून झालं आणि मला कळलं की मी ओरडत होते. झालं, पाचवंही गेलं. मी पिशवी उचलली.

"बसा," हालांदोनी म्हणाले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली. "नोकरी सोडायला किती आधी सांगावं लागतं?"

"महिनाभर, सर."

"मग आजच सांगा. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात."

मी धन्यवाद म्हणायला गेले आणि रडूच फुटलं. तेही हुंदके देऊन, नाक ओढत. कारकुनाने पुन्हा दार वाजवलं. मी डोळे पुसत घाईघाईने उठायला लागले. प्रत्येक फोन सहा मिनिटांत संपवायची सवय, रडणंही लवकर आटपायला बघत होते.

"थांब म्हणावं बाहेर!" हालांदोनी दाराकडे ओरडले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "रडा. घाई नाही."